गाडीचं वय बघता, कंडिशन कोण बघणार?

खासगी कारला १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन संपतं आणि रिपासिंग केलं की पुढची ५ वर्षं मिळतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याची फी कशी चढत गेली हे आपली गाडी त्या वयाला पोचेपर्यंत कुणी बघत नाही. १ एप्रिल २०२२ च्या आधी ही फी ६०० रुपये होती, त्या दिवसापासून ५,००० झाली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं अजून एक नोटिफिकेशन काढलं आणि २० वर्षं ओलांडलेल्या कारसाठी ती १०,००० केली, बाईकसाठी २,०००. आपल्या राज्याचा ग्रीन टॅक्स वेगळा, एजंट लावला तर त्याचे वेगळे. ठीक आहे, घ्या पैसे, पण या पैशात गाडीचं नक्की काय तपासलं जातं?

मी रिपासिंगला गेलो तेव्हा काय झालं ते सांगतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा काढला, आरसीवरच्या नंबरशी ताडून बघितला. हेडलाईट लावा, इंडिकेटर द्या, हॉर्न वाजवा. वायपर फिरतो का? फिरतो. झालं. ब्रेक मारून बघितला नाही, गाडी जॅकवर घेतली नाही, खालून पत्रा सडलाय का ते वाकून पण बघितलं नाही. त्या साहेबांवर मी चिडलो नाही कारण मागे गाड्यांची लाईन लागलेली आणि त्यांच्या हातात ना यंत्र ना वेळ. पण माझ्या पुढे जी गाडी होती तिच्या एका चाकाचा टायर आतल्या बाजूनं तारा दिसेपर्यंत झिजलेला होता, तो लाईनीत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना दिसत होता, आणि ती पण पास झाली. फी तीच, शिक्का तोच, पुढची पाच वर्षं तिला पण आणि मला पण.

माझं म्हणणं इतकंच आहे की वय मोजायला फुकट पडतं, कंडिशन मोजायला खर्च येतो, म्हणून आपल्या व्यवस्थेनं वयावर पट्टी लावलीय आणि त्याला पर्यावरणाचं नाव दिलंय. बैलबाजारात सुद्धा दात बघून वय कळतं पण तेवढ्यावर सौदा होत नाही, बैल चालवून बघतात, गाडीला जुंपून बघतात, खूर उचलून बघतात. इथे आपण नुसते दात मोजतोय.

दिल्लीचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये हरित लवादानं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, पेट्रोलला १५ वर्षं हे आधीच ठरलेलं होतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. मग १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेलच द्यायचं नाही असं ठरलं, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावले, आणि दोन-चार दिवसांत लोकांची ओरड सुरू झाल्यावर तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये कोर्टानं निव्वळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरात तो दिलासा बीएस-४ (म्हणजे 'भारत स्टेज' या धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. मला हा डिसेंबरचा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. माझी स्वतःची गाडी बीएस-३ आहे, म्हणजे दिल्लीत असतो तर मी कारवाईच्याच बाजूला पडलो असतो, तरी वाटतो. कारण निदान गाडी कधी बनली याच्याऐवजी ती कुठल्या नियमाखाली बनली इथपर्यंत तर आपण आलो. तिसरी पायरी म्हणजे ती आज काय सोडतेय हे मोजणं, तिकडे अजून कुणी नीट वळलेलं नाही.

आणि इथे पेट्रोल-डिझेल एका दोरीत बांधणं चुकीचं आहे. नियमातले आकडेच बघा. नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा पेट्रोल कारला बीएस-३ मध्ये किलोमीटरला ०.१५ ग्रॅम होती, बीएस-४ ला ०.०८, बीएस-६ ला ०.०६. डिझेलला बीएस-४ ची ०.२५ होती ती बीएस-६ ला ०.०८ वर आणली. म्हणजे डिझेलमध्ये शेवटची उडी प्रचंड आहे, पेट्रोलमध्ये बीएस-४ नंतर फार मोठी नाही. नवीन कार माझ्या कारपेक्षा स्वच्छ आहे यात वाद नाही, कार्बन मोनॉक्साईडमध्ये तर चांगलाच फरक आहे. पण हे सगळे आकडे दर किलोमीटरचे आहेत ना, मग वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरणारी जुनी छोटी कार आणि रोज हायवेला पळणारी दोन टनांची नवी एसयूव्ही यांच्यात एकूण हिशोब कोण करणार? तो होत नाही, कारण मग ज्याचं वापरणं जास्त त्याला जास्त भरायला लागेल आणि ते कुणाला नकोय.

पीयूसीबद्दल तर काय बोलायचं. पेट्रोलच्या जुन्या गाडीची टेस्ट उभ्या गाडीत, आयडलिंगला, सायलेन्सरमध्ये नळी घालून होते, त्यात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नळी घातली तर. बऱ्याच ठिकाणी नंबरप्लेटचा फोटो काढला की काम झालं, नळी हुकला लटकलेलीच असते. मी एकदा म्हटलं बाबा घाल ना आत, मला खरंच रीडिंग बघायचंय, तर तो पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला जसं काय मी त्याच्याकडे उधार मागितलंय. ज्या देशात ही तपासणी अशी चालते तिथे जुन्या गाडीवर फी वाढवून हवा कशी स्वच्छ होणार हे मला समजत नाही.

आता थोडं गाडीबद्दल. माझी जुनी वॅगन-आर आहे, २००८ ची, १०६१ सीसीचं इंजिन, दोन लाखांच्या पुढे रनिंग. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, इंजिन उतरवलं का, म्हणजे खोलून नव्यानं बांधलं का? नाही. दुसरा, ऑईल खाते का? थोडं. आणि मग ते अशा नजरेनं बघतात की मी खोटं बोलतोय. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन असं सहजासहजी मरत नाही हो, ते मारलं जातं. ऑईल १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं, यातला 'किंवा वर्ष' हा भाग लोक विसरतात आणि म्हणतात गाडी फिरलीच नाही तर ऑईल कशाला बदलू. कूलंटच्या जागी नळाचं पाणी टाकतात, रेडिएटर आतून गंजतो, एक दिवस घाटात गाडी गरम होते, हेड गॅस्केट जाते, आणि नाव कुणाचं तर जुन्या गाडीचं. या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, नंतरच्या के-सिरीज इंजिनला चेन आली. बेल्ट लाखाच्या आसपास बदलायचा असतो, त्याच्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप पण बघून घ्यायचा कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी एकदाच द्यायची असते. हे काही हजारांचं काम आहे. पण बेल्ट बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, तुटतो तेव्हाच कळतं, म्हणून सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तो कधी बदललाय हे विचारतात. सगळे सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीम बघतात.

बाकी झिजणाऱ्या गोष्टी झिजतातच. क्लच प्लेट, सस्पेंशनचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, व्हील बेअरिंग, सायलेन्सरचा मागचा डबा. यातलं काहीही गाडी भंगारात घालण्याइतकं मोठं नाही. खरं मारक म्हणजे गंज. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांना विचारा, इंजिन ठणठणीत आणि दाराखालचा पत्रा हातात येतो. गाडी रिपासिंगला आल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं तर हेच, खाली जाऊन पत्रा, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

मागे डाव्या पुढच्या चाकातून टक-टक आवाज यायला लागला, स्पीड ब्रेकरवर आणि वळताना. कंपनीच्या एका अधिकृत वर्कशॉपला नेली. सर्व्हिस ॲडव्हायझर, छान शर्ट, हातात टॅब. गाडीत न बसताच म्हणाला सर रनिंग जास्त झालंय, स्टिअरिंगची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, आणि सोबत एक यादी दिली, इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर एन्रिचमेंट. इस्टिमेट बघून मला वाटलं गाडीची किंमत सांगतोय. मग आमच्या मेस्त्रीकडे गेलो. त्यानं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं, एक टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन लोअर आर्म खालून ढकलला आणि म्हणाला, हात लावा इथे. हात लावला तर बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा बोटाला लागत होता. लोअर आर्म बदलला, लिंक रॉडची जोडी टाकली, अलाइनमेंट केली, आवाज बंद. बिल त्या इस्टिमेटच्या जवळपास पण नाही. पण मला किंमतीपेक्षा ते 'हात लावा इथे' महत्त्वाचं वाटतं. एकानं टॅबवर वय बघितलं, दुसऱ्यानं चाक हलवून बघितलं.

तरी सगळे मेस्त्री देवमाणसं असतात असं कुणी समजू नये. बिल देत नाहीत, पार्ट ओरिजनल की लोकल हे खोका बघितल्याशिवाय कळत नाही आणि खोका पण डुप्लिकेट मिळतो, टॉर्क रेंच नावाची गोष्ट निम्म्या गॅरेजात नाही, नटबोल्ट अंदाजानं आवळतात. काढलेलं जळकं ऑईल कुठे जातं विचारलं तर हसतात. कायद्यानं तो घातक कचरा आहे, प्रत्यक्षात बरंचसं गटारात किंवा कुठल्या तरी भट्टीत जातं. जुन्या गाडीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे झाकून ठेवू नये. पण त्याच्यावर उपाय गॅरेज बंद करणं हा नाही, गॅरेजला चांगला पार्ट, खरी माहिती आणि ऑईल गोळा करायची सोय देणं हा आहे.

आणि माहिती-पार्ट का मिळत नाहीत याची एक मोठी गोष्ट आपण विसरूनच गेलोय. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कारण काय, तर या कंपन्या स्पेअर पार्ट, दुरुस्तीची मॅन्युअल आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या, त्यामुळे ग्राहकाला त्यांच्याच डीलरकडे जाण्यावाचून पर्याय नव्हता. आयोगानं स्पष्ट सांगितलं की पार्ट खुल्या बाजारात विका, माहिती उघडी करा, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. मग प्रकरण अपिलांत गेलं आणि रस्त्यावर काही बदललेलं मला तरी दिसलं नाही. नंतर २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयानं राईट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल पण काढलं. पोर्टल काढणं आपल्याला चांगलं जमतं. पण अमुक मॉडेल बंद झाल्यावर अमुक वर्षं पार्ट मिळालेच पाहिजेत असं खडसावून सांगणारा कायदा अजून नाहीये. मारुतीच्या जुन्या छोट्या गाड्या अजून पळतायत कारण त्या लाखोंनी विकल्या गेल्या, म्हणून पुण्यात नाना पेठेत काउंटरवर नुसतं मॉडेल आणि साल सांगितलं की पार्ट समोर येतो. ज्यांनी कमी खपलेली गाडी घेतली आणि ज्यांची कंपनीच देश सोडून गेली त्यांना विचारा, एका हेडलाईटसाठी भंगारवाल्यांचे ग्रुप पालथे घालावे लागतात.

लोक म्हणतात एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घे. बरं, हिशोब करू. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ९ टक्के, हप्ता येतो साधारण १०,४००, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. त्यात डाऊन पेमेंट नाही, इन्शुरन्स नाही, आणि महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के रोड टॅक्स आहे तो पण नाही. माझी गाडी एखाद्या वाईट वर्षी पण हप्त्याच्या निम्मं सुद्धा खात नाही आणि चांगल्या वर्षी तर नुसतं ऑईल-फिल्टर, इन्शुरन्स आणि एखादा बुश. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणला, पार्टवरचा पण १८ केला, दोन्ही चांगलंच झालं. पण गंमत बघा, नवीन गाडी स्वस्त झाली म्हणून शोरूमबाहेर नवरात्रात रांगा लागल्या त्याची बातमी झाली, पार्ट स्वस्त झाले याची कुणी बातमी केली नाही. म्हणजे आपल्या डोक्यातच बसलंय की गाडी विकत घेणं ही प्रगती आणि टिकवणं म्हणजे कंजूषपणा. आमच्या सोसायटीत मला एकानं सरळ विचारलं होतं, काय हो, परवडत नाही का? परवडतं हो. पण परवडतं म्हणून घ्यायलाच पाहिजे असं कुठे आहे, आणि ज्याला परवडत नाही त्यानं काय करायचं हा तर त्याहून मोठा प्रश्न आहे.

जुन्या गाड्या भंगारात काढायची स्क्रॅपेज पॉलिसी इथेच अडते. ऑगस्ट २०२१ मध्ये ती आली, नुसती कागदावर वाचली तर वाईट नाही, म्हणजे २० वर्षांनंतर फिटनेसमध्ये नापास झालेली किंवा रजिस्ट्रेशन न वाढवलेली खासगी गाडीच बाद करायची असं त्यात आहे, वय झालं की सक्तीनं भंगार असं नाही. पण फायदे काय? गाडी स्क्रॅप करून सर्टिफिकेट आणलं तर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट, कंपनीनं द्यावी अशी सूचना असलेली काही टक्के सवलत, आणि भंगाराचे नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के. म्हणजे बहुतेक फायदे नवीन गाडी घेणाऱ्याला. जो म्हणतो मला नवीन नकोच, मी आहे तीच नीट ठेवतो, तिच्या तपासण्या करून घेतो, त्याला या पॉलिसीत काय? वाढीव फी. आणि जो म्हणतो मला गाडीच नको, बसनं जातो, त्याला भंगाराचे आणि फार तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याला विकून आलेले चार पैसे, बाकी काही नाही. पर्यावरणाचाच विचार असता तर या तिसऱ्या माणसाला सगळ्यात जास्त द्यायला हवं होतं.

सेकंडहँड बाजाराची पण वेगळी तऱ्हा. रनिंग जास्त दिसलं की भाव पडतो म्हणून मीटर मागे फिरवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कुठलीही दहा वर्षांची छोटी गाडी बघायला जा, रनिंग चाळीस ते साठ हजार, पहिला मालक, आणि का कोण जाणे पण तो मालक डॉक्टरच असतो. महाराष्ट्रात एवढे डॉक्टर नसतील तेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या विकायला आहेत. खरं बघायला गेलं तर हायवेला एका लयीत दीड लाख पळालेली, बिलांची फाईल असलेली गाडी पार्किंगमध्ये उभी राहून टायर-रबर वाळलेल्या तीस हजारवाल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली. पण खरं बोलणाऱ्याला कमी भाव आणि मीटर फिरवणाऱ्याला जास्त, मग कोण फाईल ठेवणार? माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, तिथे गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी टेस्ट. ब्रेक, टायर, सस्पेंशन, गंज, धूर, सगळं बघतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की जुन्या टेस्टचा इतिहास फुकटात दिसतो, कुठल्या वर्षी रनिंग किती होतं, कशात नापास झाली, पुढे कशावर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. तिथे मीटर फिरवणं अवघड आहे कारण जुना आकडा जगजाहीर आहे. आपल्याकडे वाहन पोर्टल आहे, एमपरिवहन ॲप आहे, इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख दिसते. पीयूसीच्या वेळी ओडोमीटरचा एक आकडा टाकून तो असाच सगळ्यांना दाखवायला काय लागतं? नंबरप्लेटचा फोटो काढताच ना, अजून एक फोटो.

ई-२० बद्दल लिहिलं नाही तर हा विषय पुरा होत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि साध्या पंपावर दुसरा पर्याय जवळपास नाही. सरकारनं स्वतःच सांगितलंय की ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० ला कॅलिब्रेट केलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज १-२ टक्के, बाकीच्यांचं ३ ते ६ टक्के कमी होऊ शकतं, आणि काही जुन्या गाड्यांचे रबर पार्ट-गॅस्केट लवकर बदलावे लागतील. मी उसाच्या विरोधात नाही, पश्चिम महाराष्ट्रात राहून कोण असेल, कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघतं हे आम्ही बघितलंय. पण हे रबर पार्ट बदलायचा खर्च कुणी करायचा? ज्यानं गाडी घेतली तेव्हा ई-२० नावाची गोष्टच नव्हती त्यानं. एकीकडून जुनी गाडी ठेवतोस म्हणून फी घ्यायची, दुसरीकडून तिला न मानवणारं पेट्रोल घालायचं आणि वर भाव तोच ठेवायचा, याला काय म्हणणार? निदान जुन्या मॉडेलसाठी फ्युएल लाईन, ओ-रिंग असा ई-२० किट माफक दरात द्या म्हणून कंपन्यांना सांगता आलं असतं.

माझ्या बाजूला एक मुद्दा खरंच कमजोर आहे आणि तो प्रदूषणाचा नाही, सेफ्टीचा आहे. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून, त्याच्या आधीच्या स्वस्त गाड्या म्हणजे चार चाकं आणि पत्रा. २०१४ ला गाड्यांची क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या, पाचही शून्य स्टार. याला मेंटेनन्स हे उत्तर नाही, कितीही ऑईल बदललं तरी एअरबॅग उगवत नाही. म्हणून मी ही गाडी एक्स्प्रेस-वेला नेत नाही, घरच्यांना लांब न्यायचं असेल तर एसटी, रेल्वे किंवा भाड्याची गाडी. पण इथे पण बघा, सरकारचा दंडक वयावर आहे, सेफ्टीवर नाही. २०१८ ची विनाएअरबॅगची गाडी २०३३ पर्यंत बिनघोर चालेल, तिला कुणी अडवणार नाही. सेफ्टीसाठी जुनी गाडी नको असं म्हणायचं असेल तर तसं उघड म्हणा, मी निम्मा तरी तुमच्या बाजूला येईन, पण मग पर्यावरणाची पाटी काढा.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मर्यादा संपली म्हणून बंद झाली, सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. त्या गाड्या आरामदायी नव्हत्या, चढाला धापा टाकायच्या, आठवणी म्हणून ठीक आहे. पण त्या बंद पडल्या तर ड्रायव्हर स्वतः बोनेट उघडून पाना-पक्कड घेऊन उभा राहायचा आणि गाडी सुरू करायचा, हे त्या फोटोंत कुणी लिहिलं नाही. आजच्या गाडीत हेडलाईट बदलला तरी लॅपटॉप जोडून कोडिंग करावं लागतं अशी मॉडेल आलीत, स्क्रीन गेली तर एसी चालू करता येत नाही, आणि त्या स्क्रीनचा पार्ट आला नाही तर मेस्त्रीनं काय हलवून बघायचं? २००८ ची वॅगन-आर २०२५ मध्ये दुरुस्त होते. २०२५ ची गाडी २०४० मध्ये रिपासिंगला येईल तेव्हा तिचं सॉफ्टवेअर अपडेट करायला कंपनीनं सर्व्हर चालू ठेवलेला असेल का, हे आज कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, आणि ते लिहून घ्यायची वेळ आत्ताच आहे, गाडी विकायच्या आधी.

दुसरं म्हणजे माणसं. आमच्या मेस्त्रीचा मुलगा बीकॉम करतोय, गॅरेजात फिरकत नाही, आणि त्याला नावं कशी ठेवणार, दिवसभर गाडीखाली झोपून बापाला काय मिळतं ते त्यानं बघितलंय. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथून पोरं पास होतात आणि शोरूमच्या वर्कशॉपला हेल्पर म्हणून लागतात, तिथे असेंब्ली काढायला आणि असेंब्ली टाकायला शिकतात, कारण तिथे बिल त्याच्यावर होतं. बॉल जॉइंट कुठे ढिला आहे हे बोटानं ओळखायला कुणी शिकवत नाही. स्क्रॅपिंग सेंटर उघडायला सवलती देताय तर त्यातला थोडा भाग या आयटीआयना चांगला स्कॅनर, सगळ्या कंपन्यांच्या वायरिंग डायग्राम आणि एक-दोन जुनी इंजिनं खोलायला द्यायला वापरा, आणि हीच पोरं रिपासिंगच्या लाईनीत टेस्टिंगला बसवा. मग १०,००० फी घ्या, मी रांगेत पहिला उभा राहीन, फक्त गाडी जॅकवर घ्या.